पेटीतला सराव आणि ओटीतला हात: एका सर्जरी विभागाचं प्रकरण

हे प्रकरण महाराष्ट्रातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातलं आहे. रुग्ण, निवासी डॉक्टर किंवा गाव ओळखू येऊ नये म्हणून वयं, महिने आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र तशाच ठेवल्या आहेत. मी त्या युनिटमध्ये सहयोगी प्राध्यापक होतो. पुढे स्किल लॅबची (हाताच्या सरावाच्या प्रयोगशाळेची) जबाबदारीही माझ्याकडे आली.

पार्श्वभूमी

आमच्या युनिटला आठवड्यातून दोन दिवस दुर्बिणीच्या ऑपरेशनची (लॅप्रोस्कोपी, म्हणजे पोटाला छोटी भोकं पाडून आत कॅमेरा आणि लांब हत्यारं घालून केलेलं ऑपरेशन) यादी लागते. बहुतेक वेळा पित्ताशयातले खडे, कधी अपेंडिक्स, अधूनमधून हर्निया. भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची सुरुवात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, म्हणजे सरकारी रुग्णालयातच. त्यामुळे हे तंत्र आपल्याकडे गरिबांपर्यंत उशिरा पोहोचलं असं म्हणता येत नाही. ते शिकवायचं कसं, याचा विचार मात्र उशिरा झाला.

उघड्या ऑपरेशनमध्ये शिकणाऱ्याचा आणि शिकवणाऱ्याचा हात एकाच जखमेत असतो. चूक होण्याआधीच शिकवणारा बोटाने ती अडवू शकतो. दुर्बिणीत तसं नसतं. पोटाची भिंत टेकूसारखी वागते, त्यामुळे हात डावीकडे गेला की हत्याराचं टोक उजवीकडे जातं. समोरचं चित्र सपाट असतं, खोली अंदाजाने ओळखावी लागते. आणि ऊतीचा स्पर्श हातभर लांब दांडीतून जेवढा येईल तेवढाच. हे सगळं अंगवळणी पडायला शंभरेक वेळा तेच तेच करावं लागतं. प्रश्न एवढाच, की ते शंभर वेळा कशावर करायचं.

आमच्याकडे त्याचं उत्तर कोणी लिहून ठेवलं नव्हतं, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं: रुग्णावर.

काय घडलं

रुग्ण चाळिशीतल्या, शेतमजुरी करणाऱ्या बाई. पित्ताशयात खडे, वर्षभर अधूनमधून कळा. सोनोग्राफीत अवघड काहीच नव्हतं. शिकवण्यासाठी सोपी केस म्हणून ती निवडली, हे मला इथे मुद्दाम नोंदवायचं आहे.

पित्ताशयाची नलिका आणि धमनी वरिष्ठांनी मोकळी केली, क्लिपा लावून कापली. पुढचा भाग, म्हणजे यकृतापासून पित्ताशय सोडवणं, जेआर-२ ला (दुसऱ्या वर्षाच्या निवासी डॉक्टरला) दिला. तो वर्षभर कॅमेरा धरत होता, मन लावून बघत होता. पण हातात ग्रास्पर (पकडायचा लांब चिमटा) आणि हुक (करंटने ऊती सोडवणारं हत्यार) एकाच वेळी घेण्याचा त्याचा तो पहिलाच दिवस. उजवा हात चालत होता, डावा झोपलेला. पित्ताशय वर आणि बाजूला ताणून धरायचं काम डाव्या हाताचं. तो ताण नसल्यामुळे दोन थरांमधली वाट उघडेना आणि हुक यकृतात शिरला. रक्त आलं. ते थांबवण्याच्या घाईत पित्ताशय फाटलं, पित्त आणि खडे पोटात सांडले, चित्र लालपिवळं झालं. मी हत्यारं घेतली, वीस-पंचवीस मिनिटं प्रयत्न केला, मग उजव्या बरगडीखाली छेद घेऊन पोट उघडलं.

पोट उघडण्याचा निर्णय बरोबर होता, आजही तोच घेईन. बाई बऱ्या झाल्या. पण दोन-तीन दिवसांत घरी जायच्या त्या नऊ दिवस राहिल्या. पुढचे दोन महिने त्यांना वजन उचलायला मनाई, म्हणजे मजुरी बंद. ऐन सोयाबीन काढणीच्या दिवसांत.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या पतीने वॉर्डाबाहेर मला गाठलं. राग नव्हता, आवाजही चढलेला नव्हता. "डॉक्टरसाहेब, ऑपरेशन तुम्हीच केलं ना?" असं विचारलं. मी म्हणालो, मी तिथेच होतो, काही भाग आमच्या निवासी डॉक्टरने केला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "शिकायला तर लागतंच." त्या वाक्यात दोष देणं नव्हतं, आणि म्हणूनच ते मला झोपू देईना.

अडचण नेमकी कुठे होती

महिन्याच्या मृत्यू आणि गुंतागुंत आढावा बैठकीत पहिला अर्धा तास नेहमीसारखाच गेला. करंट जास्त होता का, हत्यार कोणी केव्हा घ्यायला हवं होतं, जेआरने आधी वाचलं होतं का. मग भूलतज्ज्ञ मॅडमनी साधा प्रश्न विचारला: "यानं हे आधी कशावर केलं होतं?"

कशावरच नाही. आणि त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर स्किल लॅबमध्ये आभासी चित्रावर चालणारं एक महागडं सिम्युलेटर पांढऱ्या चादरीखाली उभं होतं.

त्या यंत्राची कहाणी सरकारी रुग्णालयात काम केलेल्या कोणालाही ओळखीची वाटेल. खरेदी झाली, उद्घाटन झालं, फोटो निघाले. देखभालीचा करार संपला, तो पुढे कोणी केला नाही. एका मुठीचा सेन्सर बिघडला. किल्ली भांडारपालाकडे, आणि भांडार संध्याकाळी बंद, म्हणजे निवासी डॉक्टर मोकळा होण्याआधीच. शिवाय यंत्र डेड स्टॉक रजिस्टरवर (सरकारी मालमत्तेच्या नोंदवहीत) चढलेलं. हाताळताना मोडलं तर उत्तर कोण देणार, या भीतीने त्याला कोणी हातच लावत नव्हतं. ते विकत घेणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांनी चांगल्या हेतूने मागणी केली होती. पण यंत्रासोबत शिक्षक, वेळ आणि शिकल्याची कसोटी यांपैकी काहीच मागवलं गेलं नव्हतं.

बैठकीनंतर मी वाचायला बसलो. येल विद्यापीठातल्या गटाचा २००२ सालचा अभ्यास मला तेव्हा नव्याने कळला. सोळा निवासी डॉक्टर. निम्म्यांना नेहमीचं शिक्षण, निम्म्यांना त्यासोबत सिम्युलेटरवर सराव. मग सगळ्यांनी खऱ्या रुग्णात एकच भाग केला: यकृतापासून पित्ताशय सोडवणं. म्हणजे आमच्या बाईंना जिथे इजा झाली नेमका तोच टप्पा. सराव केलेल्यांचं काम २९ टक्के कमी वेळात झालं. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलतीकडे भाजण्याची शक्यता पाचपट होती. मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती मात्र तिसरी गोष्ट. त्यांनी सराव तासांवर मोजला नव्हता. तज्ज्ञांनी त्याच यंत्रावर आधी करून दाखवलेली पातळी गाठेपर्यंत प्रत्येकाला सराव करायला लावला होता. कोणाला ती पातळी लवकर गाठता येईल, कोणाला उशिरा. पण ती गाठल्याशिवाय सुटका नाही.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय यंत्र दुरुस्त करण्याचा. विभागातल्या बहुतेकांचा कल त्याच्याकडे होता, कारण पैसा आधीच खर्च झालेला. कंपनीचं दरपत्रक आलं, त्याला मंजुरी मिळायला किती महिने लागतील कोणी सांगू शकेना. आणि दुरुस्त झालं तरी यंत्र एकच, निवासी डॉक्टर वीसच्या वर.

दुसरा, निवासी डॉक्टरांना शहरातल्या दोन-तीन दिवसांच्या खासगी कार्यशाळेला पाठवायचं. सोपं, प्रमाणपत्र मिळतं, विभागाला कटकट नाही. पण शुल्क विद्यार्थ्यांच्या स्टायपेंडमधून जाणार. आणि आणखी एक अडचण होती. टोरांटोच्या गटाने २००६ साली ३८ निवासी डॉक्टरांना बारीक रक्तवाहिन्या जोडायला शिकवलं. काहींची चारही सत्रं एकाच दिवशी घेतली, काहींची आठवड्याला एक याप्रमाणे. महिन्याभरानंतर पाहिलं, तर दर आठवड्याला एक सत्र शिकलेल्यांचा हात सरस निघाला. हाताची विद्या एका बैठकीत कोंबता येत नाही. दोन दिवसांच्या कार्यशाळेनंतर मुलगा परत येऊन वॉर्डात अडकणार असेल, तर त्या शुल्काचं पुढे काय होणार हे उघड होतं.

तिसरा पर्याय प्राण्यांवर सराव. परवानग्या, पशुगृह, भूल, आणि माझ्या मनातली टोचणी. तो लगेच बाजूला पडला.

चौथा, घरीच बनवलेल्या पेट्या. प्लायवुडचा खोका, झाकणाला दोन भोकं, आत कॅमेरा, बाहेर पडदा. दिसायला अगदीच गरीब. एका सहकाऱ्याने काळजीने विचारलं, तपासणी समिती आली तर हे दाखवणार का? प्रश्न रास्त होता. पण मूलभूत हस्तकौशल्य शिकायला महागडं यंत्र आणि साधी पेटी यांत फारसा फरक पडत नाही, हे तोवर अनेक अभ्यासांतून दिसलं होतं. अमेरिकेतल्या सेजेस या संघटनेची मूलभूत लॅप्रोस्कोपीची प्रसिद्ध परीक्षासुद्धा पेटीवरच होते. तिचं मूळ मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात जेराल्ड फ्राइड यांच्या गटाने केलेल्या कामात आहे.

आम्ही चौथा पर्याय घेतला. यंत्राच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवून ठेवला, पण त्याची वाट पाहायची नाही असं ठरवलं.

काय केलं

कॉलेजच्या सुताराने चार पेट्या केल्या. झाकणाच्या भोकांवर ट्यूबचं रबर ताणून बसवलं, म्हणजे हत्याराला पोटाच्या भिंतीसारखा टेकू मिळतो. हत्यारं मिळाली ती निर्लेखनाच्या (वापरातून काढून टाकायच्या वस्तूंच्या) यादीतून: जबडा झिजलेले ग्रास्पर, धार गेलेली कात्री, दोन नीडल होल्डर. निर्लेखन समितीकडून ती "प्रशिक्षणासाठी" म्हणून लिहून घ्यायला दीड महिना गेला. मुदत संपलेले टाके ओटीच्या (ऑपरेशन थिएटरच्या) सिस्टरांनी जपून ठेवायला सुरुवात केली. पहिला कॅमेरा चुकला. साधा वेबकॅम होता, हात हलल्यावर चित्र किंचित उशिरा हलायचं, आणि टाका घालताना तो किंचित उशीर असह्य व्हायचा. दुसरा कॅमेरा आणि एलईडीची पट्टी आणली, तेव्हा जमलं. चारही पेट्यांचा सगळा खर्च त्या मोठ्या यंत्राच्या एका वर्षाच्या देखभालीपेक्षा कमी झाला.

कामं सेजेसच्या परीक्षेतल्या पाच कामांवरून घेतली: सहा कड्या एका बाजूच्या खुंट्यांवरून उचलून हवेतच दुसऱ्या हातात देऊन पलीकडे ठेवणं आणि परत आणणं, गॉजवर काढलेलं वर्तुळ कापणं, फासाने बांधणं, बाहेर गाठ मारून टाका घालणं, आणि आतच गाठ मारून टाका घालणं. कड्यांच्या कामात डावा हात झोपून चालतच नाही, म्हणून सुरुवात तिथून.

यकृतापासून पित्ताशय सोडवण्याच्या सरावासाठी मात्र कड्या कामाच्या नव्हत्या. इथे आयुर्वेद महाविद्यालयातल्या एका मित्राने सुश्रुतसंहितेतला योग्यासूत्रीय अध्याय वाचून दाखवला. छेद शिकायला कोहळा, दुध्या, काकडी. शिरा टोचायला मेलेल्या जनावराची शीर किंवा कमळाचा देठ. जखमेत सळई घालायला किडीने पोखरलेलं लाकूड. प्रत्येक क्रियेला तिचा वेगळा पदार्थ. आम्ही त्यावरून धडा घेतला आणि खाटकाकडून बकऱ्याचं यकृत पित्ताशयासकट आणायला लागलो. श्रावणात दोघा-तिघांना त्याला हात लावायचा नव्हता. त्यांच्यावर सक्ती केली नाही. पाणी भरलेला हातमोजा दुसऱ्या हातमोज्यात घालून, वरचा थर न फाडता सोडवायला दिला. काम तेवढं खरं नाही, पण ताण कुठे द्यायचा हे त्यातही कळतं.

पहिली मोठी चूक वेळेची झाली. सराव शनिवारी दुपारी तीनला, तिसऱ्या मजल्यावर, असं परिपत्रक काढलं. दोन महिन्यांनी हजेरीवही पाहिली: सह्या सगळ्यांच्या, पेन एकच, आणि पेट्यांवर धूळ. मला संताप आला. एका जेआर-१ ला बोलावून झापलं. ती शांतपणे म्हणाली, "सर, शनिवारी तीन वाजता मी कुठे असते ते ड्यूटी चार्टवर बघा." बघितलं. शनिवार तिच्या युनिटचा इमर्जन्सीचा दिवस. त्याआधी शुक्रवारची रात्र ड्रेसिंग, रक्ताचे नमुने आणि डिस्चार्ज कार्डात गेलेली. मी तिची माफी मागितली.

मग दोन पेट्या खाली आणल्या, ओटीशेजारच्या ड्यूटी रूममध्ये. कुलूप नाही, किल्ली नाही, वेळ नाही. पंधरा मिनिटं मिळाली तर पंधरा मिनिटं. दोन केसेसच्या मधे टेबल स्वच्छ होतंय तेवढ्यात. त्या दिवसापासून खरा सराव सुरू झाला.

निर्णयाचे अवघड क्षण

सगळ्यात जास्त वाद कसोटीवर झाला. कड्यांच्या कामासाठी प्रसिद्ध झालेली कसोटी आहे ४८ सेकंदांची: सलग दोनदा आणि शिवाय आणखी दहा वेळा, कडी बाहेर न पडता. काही जण म्हणाले ती परदेशी मुलांसाठी, आपली सोपी करा. मी सुचवलं, आधी आपण शिक्षक बसू, आपली वेळ मोजू, मग ठरवू. विभागप्रमुख सर उघड्या सर्जरीतले नावाजलेले हात. पहिल्या दिवशी त्यांच्या दोन कड्या खाली पडल्या आणि घड्याळ दोन मिनिटांच्या पुढे गेलं. खोलीत जेआर उभे होते. सर म्हणाले, "उद्या परत येतो." आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खरंच आले, तिसऱ्या दिवशीही. पुढे ड्यूटी रूममध्ये पेटीपाशी जी गर्दी व्हायला लागली ती माझ्या परिपत्रकामुळे नव्हे. कसोटी शेवटी एका मिनिटावर ठरली, सलग दोनदा आणि निरनिराळ्या दिवशी आणखी पाच वेळा.

दुसरा वाद नियमाचा. पेटीवरची पाचही कामं पार केल्याशिवाय ओटीत कॅमेऱ्यापलीकडे काही हातात मिळणार नाही. जेआर-३ बिथरले. त्यांची परीक्षा जवळ आलेली, लॉगबुकातल्या केसेस कमी पडतील ही भीती खोटी नव्हती. आम्ही त्यांना त्या वर्षापुरती सूट दिली. आज मी ती देणार नाही, कारण सर्वांत जास्त हत्यारं त्याच वर्षी त्यांच्याच हातात होती. त्यांच्यासाठी महिनाभर वॉर्डाचं काम वाटून घेऊन त्यांना आधी पेटीवर बसवायला हवं होतं.

परिणाम

आमच्या गुंतागुंतीचं प्रमाण कमी झालं असा दावा मी करणार नाही. एका युनिटच्या दीड-दोन वर्षांच्या केसेसवरून तसं म्हणणं अप्रामाणिक ठरेल. जे दिसलं ते सांगतो. शिकवणाऱ्याने मध्येच हत्यार काढून घेण्याचे प्रसंग कमी झाले. "डावा हात, डावा हात" हे ओरडणं जवळजवळ थांबलं आणि त्या वेळात शरीररचनेबद्दल बोलता यायला लागलं. त्या प्रसंगानंतर ओटीत मान खाली घालून उभा राहणारा जेआर-२ पहिल्या तुकडीत पाचही कामं पार करून गेला. पुढच्या पित्ताशयाच्या वेळी त्याचे हात थरथरत होते, पण डावा हात जागा होता.

आणि एक गोष्ट अशी झाली जी आम्ही आधी ओळखायला हवी होती. पेटीवर सगळ्यांत वेगवान असलेली एक निवासी डॉक्टर ओटीत भराभर पुढे गेली आणि क्लिप मागितली. वरिष्ठ म्हणाले, "थांब. मागे यकृत दिसतंय का?" दिसत नव्हतं. सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ साली मांडलेली सुरक्षित दृश्याची अट अशी, की यकृत आणि पित्ताशयाची नलिका यांच्यामधल्या त्रिकोणातली चरबी आणि तंतू साफ हवेत, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सुटलेला हवा, आणि पित्ताशयात दोनच रचना शिरताना दिसायला हव्यात. तिन्ही पूर्ण झाल्याशिवाय क्लिप नाही. ती जिला पित्ताशयाची नलिका समजत होती, ती मुख्य पित्तवाहिनी असू शकली असती, आणि तिथली चूक रुग्णाला आयुष्यभर पुरते. इजा झाली नाही. पण हात तयार झाला म्हणजे निर्णय तयार झाला, असं आम्ही न बोलता धरून चाललो होतो. पेटीत चूक झाली तर कडी पडते, एवढंच. कुठे थांबायचं, कधी वरिष्ठांना हाक मारायची, कधी पित्ताशयाचा थोडा भाग आत ठेवून बाहेर यायचं, हे पेटी शिकवत नाही.

त्यानंतर दर पंधरा दिवसांनी आमच्याच ऑपरेशनची चित्रफीत लावून, क्लिप लावण्याच्या आधीच्या क्षणी ती थांबवून, प्रत्येकाला विचारायला लागलो: लावणार की नाही, आणि का? गप्प बसायची मुभा नाही, शिक्षकांनाही नाही.

वेगळं काय करता आलं असतं

निर्णय शिकवणारी ती सत्रं पहिल्या महिन्यापासून घ्यायला हवी होती. ती प्रसंग टळल्यावर सुचली.

पेट्या सुताराकडे देण्याआधी ड्यूटी चार्ट हातात घ्यायला हवा होता. दोन महिने आणि एका मुलीची नाहक बोलणी वाचली असती.

जिल्हा निवासी कार्यक्रमाचे, म्हणजे निवासी डॉक्टरांना जिल्हा रुग्णालयात काढावे लागणारे, तीन महिने आम्ही विसरलो. तिकडून परतलेल्यांचा हात गंजलेला आढळला, दोघांना कसोटी पुन्हा द्यावी लागली. आता जाणाऱ्याबरोबर एक पेटी जाते. जिल्हा रुग्णालयातल्या एका सर्जननी ती परत पाठवायला नकार दिला, म्हणून पाचवी केली.

शिक्षकांना अभिप्राय कसा द्यायचा हे शिकवायला हवं होतं. पेटीशेजारी उभं राहून "असं नको" म्हणणं म्हणजे शिकवणं नव्हे, हे मला स्वतःला उशिरा उमगलं. एका वेळी एकच दुरुस्ती सांगायची, आणि ती करून झाल्यावर पुन्हा बघायचं, एवढं साधं पथ्य पाळलं तरी फरक पडतो.

मोठं यंत्र अजून चादरीखालीच आहे. दुरुस्त झालं तर चांगलंच, कारण संपूर्ण ऑपरेशनची पायरीवार तालीम पेटीत होत नाही आणि त्यात होते. पण नवीन मागणी करताना आता आमच्या अर्जात देखभालीचा पाच वर्षांचा करार, शिकवणाऱ्याचं नाव आणि यंत्र कोणत्या खोलीत, किती वाजेपर्यंत उघडं राहील, हे तीन रकाने असतात.

संमतीपत्रात एक वाक्य वाढवायचा प्रस्ताव आम्ही दिला आहे: "या शस्त्रक्रियेचा काही भाग निवासी डॉक्टर वरिष्ठांच्या उपस्थितीत करतील, आणि त्यांनी त्याआधी ठरवून दिलेला सराव पूर्ण केलेला असेल." वॉर्डाबाहेर त्या गृहस्थांनी मला विचारलं, त्या दिवशी यातला पहिला भागच मला खरेपणाने लिहिता आला असता. मसुदा सध्या रुग्णालयाच्या समितीपुढे आहे.